परसूसाहेबाचा सत्कार

"हालू नगं की रं," म्हणत आण्णांनी निसारचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आरशाकडं वळवलं. फेटा खरं तर निसारसाठी नव्हताच. तो होता कारखान्यात आलेल्या इंग्लंडच्या साहेबासाठी. पण साहेबाला आधी कळू द्यायचं नाही, उद्या खंडेनवमीला सत्काराच्या वेळी एकदम डोक्यावर चढवायचा, असा मालकांचा हुकूम. "साहेबाचं डोस्कं केवढं?" असं आण्णांनी विचारलं आणि निसार बोलून गेला, "माझ्याएवढंच." झालं! शाहूपुरीतल्या आपल्या बोळाएवढ्या फेट्याच्या दुकानात त्याला स्टुलावर बसवून आण्णांनी गुलाबी कापडाचे पिळावर पीळ द्यायला सुरुवात केली. कापडाला खळीचा आंबूस वास होता आणि आण्णांच्या तोंडातली तंबाखू निसारच्या कानापाशी चघळली जात होती. शेवटचा पीळ खोचून, तुरा वर काढून आण्णा मागं सरले. "बघ, कसा दिसतोयस! इंग्लंडचा राजा!" निसारनं बघितलं. फेट्याखाली त्याचंच तोंड होतं आणि ते हसत होतं. हसायचं काहीएक कारण नव्हतं, तरी ओठ आपले आपण ताणले गेले होते, दात बाहेर आले होते, गालांना वळ्या पडल्या होत्या. त्या तोंडाची त्याला एकाएकी अशी शिसारी आली की त्यानं आरशाकडं पाठ फिरवली. "काय झालं रं?" आण्णा म्हणाले. "काय न्हाय, उकडतंय," तो म्हणाला, आणि हेही त्या तोंडानंच परस्पर सांगून टाकलं. फेटा अलगद उचलून खोक्यात ठेवला, खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि तो निघाला.

ह्या तोंडानं त्या दिवशी दोन माणसांना दोन शब्द दिले होते आणि दोन्ही शब्द एकमेकांच्या नरड्यावर बसलेले. त्याचं असं झालं होतं. निसार मुलाणी उद्यमनगरातल्या गणपतरावांच्या फाउंड्रीत मशीनशॉपवर होता. डिप्लोमा झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी येणारा. वर्षामागं गणपतरावांनी मोठी बाजी मारली. तिकडं इंग्लंडात मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीला तिथले मजूर परवडेनात. मग तिनं ब्रेकच्या ड्रमचं खातं तिकडं बंद करून टाकलं आणि ते सगळं काम, मशीनसकट, कोल्हापूरला पाठवलं. मशीन लाकडी खोक्यांतून बोटीनं आलं. त्याच्यामागं ते चालवायला शिकवणारा एक माणूसही आला. त्याचं नाव प्रॉसर. पोरांनी आठ दिवसांत त्याचा परसूसाहेब करून टाकला. लाल कातडीचा, जाड मनगटांचा, पन्नाशीचा माणूस. कुणाशी फार बोलायचा नाही, मशीनच्या अंगावरून मात्र बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचा. सगळ्यांना वाटलं हा कंपनीचा मोठा अधिकारी. गोरा आहे म्हणजे साहेबच असणार, आणि साहेब म्हणजे मालकाच्या बाजूचाच असणार, ह्यात कोल्हापुरात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आपल्या पोटाला काम घेऊन आलेला देवमाणूस. त्याचा सत्कार करायचा हे मालकांच्याही आधी पोरांच्याच डोक्यात आलं. प्रॉसर त्या बंद पडलेल्या खात्यातला साधा कामगार होता, ह्याच मशीनवर त्याची उमर गेली होती आणि दुसऱ्यांना शिकवून आलास तरच शेवटचं देणं पुरतं हातात पडेल अशा अटीवर त्याला धाडलेलं, हे फक्त निसारला ठाऊक होतं. आणि निसारनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? कुणी विचारलं नाही म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. थूत!

सकाळी चहाच्या सुट्टीत प्रॉसरनं त्याला मशीनमागं बोलावलं. तो तुटक बोलायचा, दोन वाक्यांत मध्ये थांबून. "तुमचे लोक पगारवाढ मागताहेत ना?" त्यानं विचारलं. मागत होते. सोमवारी साच्यात लोखंड ओतणारा केरबा मोल्डर चार जणांना घेऊन मालकांसमोर बसणार होता. मालक महिनाभर एकच पालुपद लावून बसले होते : कंपनी फार पिळते, एक रुपाया वाढवला तर काम कोरियाला जाईल, मग बसा बोंबलत. केरबाला ते पटलंही होतं. दोन रुपये रोज वाढले तरी लई झालं, असं तो म्हणायला लागला होता. "हे खोटं आहे," प्रॉसर म्हणाला. "आमचं खातं बंद करताना त्यांनी आम्हाला हॉलमध्ये बसवलं आणि भिंतीवर आकडे दाखवले. कोल्हापूरच्या माणसाला आम्ही रोजाचे इतके मोजणार, तुम्ही बोला, तुम्ही इतक्यात काम कराल? तो आकडा माझ्या पाठ आहे. तू मला इथला रोज सांगितलास. तो आकडा तुमच्या रोजाच्या चौपट आहे. चौपट. कंपनी देते आहे. मधे कुणीतरी खातंय." मग त्यानं निसारच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला निसारच्या हातासारखाच मशीनच्या तेलाचा वास होता. "उद्या मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी हे बोलणार आहे. तू नीट सांगशील ना त्यांना?" निसार म्हणाला, हो. आणि दुपारी गणपतरावांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. "मुलाणी, पयल्या तारखेपास्नं मशीनशॉपचा इनचार्ज तू. ऑर्डर काढून ठेवलीया. आन् हे बघ, उद्या साहेब भाषाण करणार. त्या लोकांचं काय खरं नसतंय, काय बी बोलत्यात. तू जरा गोड करून सांग. काय? आपली मानसं भोळी हायती." निसार म्हणाला, हो मालक. पेढा तोंडात होता म्हणून तो हो अर्धवटच बाहेर पडला, पण पडला.

सायकल बिंदू चौकाच्या चढाला लागली तेव्हा त्याला बापाची आठवण झाली. बाप म्हणजे गैबी मुलाणी, एका सरदाराच्या इंग्लिश मोटारीचा ड्रायव्हर. त्या मोटारीवर बापाचा जीव. पोरांना कधी कडेवर घेतलं नसेल, पण मोटारीचा दिवा स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसायचा. इंग्लंडचं लोखंड, बाळा, तसलं लोखंड आपल्या देशात न्हाय, असं म्हणायचा आणि जीभ टाळूला लावून टक् करायचा. साहेबलोकांना फिरवून फिरवून त्याला मोडकीतोडकी इंग्रजी यायला लागली होती आणि त्या इंग्रजीची एक गोष्ट तो आयुष्यभर सांगत राहिला. एकदा सरदाराच्या एका गोऱ्या पाहुण्याला शिकारीला गगनबावड्याला नेलं होतं. पाऊस असला की हाताला हात दिसेना. घाटात मोटार चिखलात रुतली. वाडीतली माणसं इरली टाकून धावत आली, गुडघाभर चिखलात उभी राहून त्यांनी मोटार ढकलली, कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं बोट चेंगरलं. मोटार निघाली. गोरा आतनं म्हणाला, ह्या कुत्र्यांच्या अंगाला घाण वास येतो, गाडीला हात पुसायच्या आत चल इथनं. माणसं खिडकीशी वाकून बापाला विचारायला लागली, सायेब काय म्हनलं? आणि बाप म्हणाला, सायेब म्हनत्यात, तुमच्यावानी मानसं उभ्या जल्मात बघितली न्हाईत. माणसं खूश झाली. चिखलाच्या हातांनी रामराम घालत उभी राहिली. ही गोष्ट सांगून बाप मांडीवर थाप मारून हसायचा. "दोघांच्या मधी हुबं ऱ्हायचं तर जीभ साखरंची पायजे. सायबाला बी बरं, गरिबाला बी बरं, आपलं बी बरं." आणि लहानगा निसार दर वेळी पोट धरून हसायचा. दर वेळी! ते हसणं आता त्याला पोटात नासलेल्या दुधासारखं वाटायला लागलं. त्यानं सायकलवरनंच बाजूला थुंकून बघितलं. तोंड काही साफ होईना.

शिवाजी पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत सलिमा, त्याची बायको, दारातच वाट बघत होती. बातमी तिला आधीच पोचलेली. कारखान्यातल्या कुणाची तरी बायको नळावर बोलली असणार. "इनचार्ज म्हंजे खुर्ची मिळती का हो?" तिनं विचारलं. तिचा चेहरा असा उजळला होता की निसारला तिच्याकडं बघवेना. तिनं गोड शिरा केला होता. बदामाचे काप शोधून शोधून त्याच्या ताटलीत टाकले होते. तो एक घास खायचा आणि त्याला वाटायचं, हे जे चघळतंय ते आपलं तोंड नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे, भाड्यानं आणलेलं. "सलिमा," तो म्हणाला, "तुला कुणी येऊन सांगितलं, की अमका तुझ्याबद्दल चांगलं बोलला, आणि मागनं कळलं की तो तसं बोललाच नव्हता, तर?" ती म्हणाली, "चांगलंच सांगितलं न्हवं? मग काय बिघडलं?" आणि तिनं आणखी एक चमचा शिरा वाढला. ती वाईट बाई नव्हती. तिला एक खिडकी असलेली खोली हवी होती आणि सासूबाईंच्या दम्याला बरं औषध हवं होतं, आणि त्यात कोणता गुन्हा होता? निसार मनाशी म्हणाला, उद्या सांगायचं. जसंच्या तसं. इनचार्जपण गेलं खड्ड्यात. असं ठरवल्यावर त्याला थोडं बरं वाटलं आणि त्यानं शिरा संपवला. हे बरं वाटणंसुद्धा त्याला पुढं किती तरी दिवस घाणेरडं वाटत राहिलं.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढला होता. भट्टी थंड होती. एरवी जिथं कोळशाच्या भुकटीनं आणि साच्यांसाठी काकवी घालून मळलेल्या वाळूच्या वासानं नाक भरून जायचं तिथं उदबत्त्या, झेंडू आणि रक्ताचा वास दाटला होता. शेडच्या मागं निसारचे चुलते फक्रुद्दीन ह्यांनी दोन बोकडं कापली होती. दर वर्षीचा तो त्यांचा मान. साहेबाचं मशीन पोरांनी नवरीसारखं सजवलं होतं. हळदकुंकवाचे पट्टे, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू आणि पुढं रीतीप्रमाणं ताटात बोकडाचं मुंडकं, अर्धवट मिटल्या डोळ्यांचं, ओठांतनं जीभ बाहेर आलेलं. निसारची नजर पुन्हा पुन्हा त्या जिभेवर जाऊन पडत होती. प्रॉसर आला, थबकला. निसारला वाटलं आता ह्याला मळमळणार. पण तो मशीनजवळ जाऊन माळेला हात लावून उभा राहिला. "हे कशासाठी?" निसारनं सांगितलं, आज हत्यारांचा सण, आज त्यांना काम लावायचं नाही, त्यांची पूजा करायची. त्यानं माळ सारखी केली. मग म्हणाला, "आम्ही ह्याच्यावर आयुष्यं घातली. शेवटच्या दिवशी कंपनीनं त्याला एक कापड टाकून झाकलं आणि दिवे बंद केले." त्याचे डोळे ओले झाले होते. ते बघून केरबा मोल्डर, वितळल्या लोखंडाच्या ठिणग्यांनी हातभर चट्टे पडलेला म्हातारा, शेजारच्याला कोपर मारून म्हणाला, "बघ, सायबाला आपली माया लागली. काय मानूस हाय! काळीज हाय लेका त्येला."

मग सत्कार. लाकडी फळ्यांचं स्टेज, मागं कनात, कर्कश माइक. गणपतरावांनी शाल घातली, नारळ दिला आणि खोक्यातला गुलाबी फेटा काढून प्रॉसरच्या डोक्यावर ठेवला. तो बरोबर बसला. टाळ्या, शिट्ट्या, हलगी. प्रॉसर लाल कातडीवर गुलाबी फेटा घेऊन असा ओशाळून उभा होता, जणू काल ज्याच्या घरी मयत झालं त्याला आज वरातीत उभं केलंय. गणपतराव बोलले. कोल्हापूरचं नाव आता साता समुद्रापार गेलं, आपली माणसं स्वस्त पण मस्त, असं म्हणून स्वतःच हसले. 'स्वस्त' ह्या शब्दावर माणसांनीही टाळ्या वाजवल्या.  स्वस्त म्हटल्यावर टाळी वाजवणारे हे हात निसारला त्या क्षणी आवडेनासे झाले, आणि लगेच ते आवडेनासे झाल्याची लाज वाटली. मग प्रॉसर माइकपाशी आला. निसार त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

"मी तुमचा पाहुणा नाही," प्रॉसर म्हणाला. "मी मालक नाही, साहेब नाही. मी तुमच्यासारखा कामगार आहे." आणि थांबून त्यानं निसारकडं पाहिलं. निसारनं माइक आपल्याकडं ओढला. तो म्हणाला, "साहेब म्हणत्यात, मी पाहुणा न्हाय, मी तुमच्यातलाच हाय." टाळ्या. हे काही खोटं नव्हतं. शब्दाला शब्द लावून बघितलं तर खरंच होतं की! पण 'साहेब म्हणत्यात' इथंच सगळं नासलं होतं आणि निसारला ते उमगलं. प्रॉसर पुढं बोलला, "हे मशीन इथं आलं म्हणून माझ्या गावात शेकडो माणसं घरी बसली. तुमचा दोष नाही. पण तुमच्याकडनं उद्या ते आणखी कुठं तरी जाईल, तेव्हा तुमच्यापाशी काय शिल्लक असेल?" निसार म्हणाला, "त्यांच्या गावाला ह्या मशीनची लई आठवण येती म्हणत्यात. तुम्ही त्येला नीट संभाळा म्हणत्यात." खालून केरबा ओरडला, "पोटच्या पोरावानी संभाळू म्हणावं!" प्रॉसरनं त्याच्याकडं बघून मान हलवली. त्याला वाटलं, समजतंय. त्यानं नारळ खाली ठेवला, शाल सावरली आणि उजव्या हाताची चार बोटं वर केली. "फोर," तो म्हणाला. "फोर टाइम्स. तुम्हाला जे मिळतं त्याच्या चौपट कंपनी देते आहे. मी आकडा पाहिलाय. सोमवारी तो मागा. तेवढ्यानं काम कोरियाला जाणार नाही. घाबरू नका. मागा."

निसारनं गणपतरावांकडं पाहिलं नाही, तरी त्यांची अंगठी बोटात फिरायची थांबल्याचं त्याला दिसलं. ऑफिसातल्या बाळासोला एवढं इंग्रजी कळत होतं. तो मान खाली घालून हाराची फुलं तोडत बसला. समोर सगळी तोंडं वर झालेली, उघडी, वाट बघणारी. चार बोटं हवेत होती. आता बोल, निसार स्वतःला म्हणाला. शब्द तोंडात होतेच, 'चौपट', एवढा एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं, पुढचं केरबानं बघून घेतलं असतं. त्याला सलिमाची खिडकी आठवली नाही, इनचार्जची खुर्ची आठवली नाही. काहीच आठवलं नाही. मागनं कुणी ढकललं नाही की कुणी डोळे वटारले नाहीत. नुसते ओठ ताणले गेले, दात बाहेर आले आणि तोंड बोलायला लागलं. "साहेब म्हणत्यात, मला चार लेकरं हायत. त्या चौघांवर जेवढी माया हाय तेवढीच तुम्हा सगळ्यांवर हाय. इथनं जाताना पाय निघत न्हाय म्हणत्यात." आणि टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. केरबा डोळे पुसत होता. हलगी सुरू झाली. चार पोरं स्टेजवर चढली आणि त्यांनी प्रॉसरला खांद्यावर घेतलं.

खाली उतरल्यावर प्रॉसर गर्दीतून वाट काढत निसारकडं आला. फेटा कलला होता. दोन महिन्यांत निसारनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं निसारचा हात दोन्ही हातांत धरला. "समजलं त्यांना! पाहिलंस? माझ्या गावच्या सभेतसुद्धा असा आवाज झाला नव्हता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू, मला वाटलं होतं ऐनवेळी तू घाबरशील. काल रात्रभर तुझ्याबद्दल मी वाईट विचार केले. माफ कर मला." निसार म्हणाला, "त्यात काय एवढं." तांबड्या रश्श्याची वाटी कुणी तरी त्याच्या हातात दिली. वर तेलाचा तवंग, खाली हाड. तो शेडमागं गेला, बोकडांच्या आतड्यांवर माश्या घोंघावत होत्या तिथं भिंतीला हात लावून ओणवा झाला. काही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि परत येऊन पंगतीत मीठ वाढायला लागला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केरबा त्याला मशीनशॉपच्या दारात गाठून म्हणाला, "निसार, लेका, त्या परसूसायबाची पोरं केवढाली रं?" निसारला आधी उमजलंच नाही. "चार हायत म्हनलास न्हवं?" केरबा म्हणाला. "थोरलं केवढं? पोरं का पोरी?"  अजून वेळ गेली नव्हती. सोमवार उद्यावर होता. केरबाच्या चट्टे पडलेल्या हाताला धरून म्हणावं, केरबामामा, पोरं नाहीत, तो वेगळंच सांगत होता, ऐका. आणि केरबा काय म्हणाला असता? कानफटात दिली असती. दिली असती तर सुटलो असतो. पण तोंड हुशार. तोंड म्हणालं, "थोरला बारा वर्षांचा असंल. मग दोन पोरी, नऊ आन् सात. आन् धाकटं चारेक वर्षांचं." "बरं, बरं," केरबा बोटांवर मोजत म्हणाला. "धाकटा पोरगाच न्हवं?" "पोरगी," निसार म्हणाला. आणि सगळ्यांत ओकारी आणणारी गोष्ट ही, की दिवसभर ती धाकटी पोरगी त्याच्या डोळ्यांपुढनं हलेना. लाल केसांची, पुढचा दात अर्धा तुटलेली. खोटं बोलायचं तर एवढं कशाला, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी, तिचं नाव काय बरं ठेवावं, असंही वाटून गेलं.

त्याच संध्याकाळी प्रॉसर जायचा होता. मालक पाहुण्यांकडं बारशाला सांगलीला गेलेले; त्यांनी मोटार दिली आणि निसारला बरोबर धाडलं. म्हणजे आज अडवणारं कुणी नव्हतं. बाळासो नव्हता, अंगठी नव्हती. स्टेशनवर मुंबईची गाडी लागलेली होती आणि डब्यापुढं पंधरा-वीस माणसं उभी होती, धुतलेल्या कपड्यांत, हार घेऊन. पुढं केरबा, त्याच्यामागं त्याची बायको शालूबाई पदर डोक्यावर घेऊन. केरबाच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं. गाडी सुटायला थोडा अवधी राहिला तेव्हा त्यानं ते खिडकीतून प्रॉसरच्या मांडीवर ठेवलं. "उघडा म्हणावं," तो निसारला म्हणाला. प्रॉसरनं सुतळी सोडली. आत कोल्हापुरी चपलांचे चार जोड होते, नव्या कातड्याच्या वासाचे, उतरत्या मापाचे, शेवटचा तर तळहातावर मावेल एवढा. त्याला लाल गोंडे लावलेले. "आमी सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलं," केरबा म्हणाला. "मापं अंदाजानं घेतल्याती. ढिलं झालं तर वाढत्या अंगाची पोरं हायती, हुतंय." शालूबाई मागनं म्हणाली, "धाकटीचं आदी तेल लावून मऊ करून घ्या म्हणावं, न्हायतर चावत्यात."

प्रॉसरनं तो धाकटा जोड हातात घेतला. उलटून बघितला. "हे कोणाचे?" त्यानं निसारला विचारलं. निसार म्हणाला, "तुमच्या मुलांसाठी आणलेत." "मला मुलं नाहीत," प्रॉसर म्हणाला. मग तो चारही जोडांकडं बघत राहिला. बाकावर त्यानं ते ओळीनं लावले, एक, दोन, तीन, चार. त्याची नजर आपल्याच हाताकडं गेली, स्टेजवर वर धरलेल्या त्या चार बोटांकडं. निसारला त्याच्या चेहऱ्यावर ते कळणं हळूहळू चढताना दिसलं. लाल कातडी आधी पांढरी झाली, मग तिच्यावर डाग उमटले. "तू काय सांगितलंस त्यांना?" तो म्हणाला. निसारनं तोंड उघडलं आणि ह्या वेळी तोंडातून काही आलं नाही. प्रॉसरनं त्याच्याकडं पाहिलं, फार वेळ नाही, बुटाला लागलेलं काही बघावं तेवढाच वेळ. मग तो खिडकीशी उभ्या असलेल्या निसारला टाळून बाहेर वाकला. गार्डची शिट्टी झाली होती. त्यानं केरबाला हाक मारली, नाव त्याला बरोबर म्हणता आलं, आणि चार बोटं त्याच्या तोंडापुढं धरली. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बोट चोळून दाखवलं, पैसे, पैसे. केरबाच्या छातीकडं बोट केलं. पुन्हा चार. पुन्हा पैसे. पुन्हा तुला, तुम्हाला, तुम्हा सगळ्यांना. त्याचा आवाज चिरकला होता.

केरबानं चार बोटं बघितली, चोळलेला अंगठा बघितला, बाकावरच्या चार जोडांकडं बघितलं आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला. "अवो नगं, नगं सायेब!" तो दोन्ही हात जोडून मागं सरला. "पैसं कशाला? पोरास्नी दिलंय आमी. पैसं घेतो व्हय?" मागची माणसंही हात हलवायला लागली, "नगं नगं, न्हाई घेनार!" शालूबाईनं तर कानाला हात लावला. गाडीला हिसका बसला. प्रॉसर अजून चार बोटं धरून होता, ओरडत होता, आणि माणसं त्याच्या प्रेमानं गहिवरून डब्याबरोबर चालत हात जोडत होती. "निसार," केरबा चालता चालता म्हणाला, त्याला धाप लागली होती, "सांग की लेका त्येला. वाईट वाटून घिऊ नका म्हणावं. आमाला काय बी नगं."

निसार खिडकीच्या चौकटीला धरून दोन पावलं पळाला.

"काय म्हणतोय तो?" प्रॉसरनं विचारलं.

आणि निसारनं, ह्या वेळी एक शब्द इकडचा तिकडं न करता, सांगितलं, "ते म्हणतात, आम्हाला काही नको."